कपाटे रद्दीत काढू नका: आपल्या रोटरी क्लबच्या संचालक मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि संचालक मंडळ यांस,

सप्रेम नमस्कार.

जूनच्या बोर्ड मीटिंगमध्ये आपण तीन ठराव मंजूर केले. १ जुलैपासून साप्ताहिक सभा बंद करून महिन्यात दोनच सभा घ्यायच्या, त्यातली एक ऑनलाइन. साप्ताहिक बुलेटिन थांबवून त्याऐवजी व्हॉट्सॲप ग्रुपवर पोस्टर टाकायचे. आणि सभागृहाचे रंगकाम निघालेच आहे, तर मागच्या खोलीतल्या दोन लोखंडी कपाटांतले ‘जुने कागद’ रद्दीवाल्याला देऊन टाकायचे. पहिल्या दोन ठरावांवर मतभेद असू शकतात आणि ते बसून मिटवता येतात. तिसरा ठराव अमलात आला की तो मागे घेण्याची सोयच उरत नाही. म्हणून हे पत्र घाईने लिहीत आहोत.

जाहीरपणे लिहिण्यालाही कारण आहे. क्लबचे सभासद मोजके असले तरी क्लबचे काम गावात झाले आहे. सभागृह, नेत्रशिबिरे, रक्तदान, शाळांना दिलेले बाक, पोलिओचे रविवार या सगळ्यात सभासद नसलेल्या शेकडो लोकांचा पैसा आणि वेळ गेला आहे. त्यांची नावे त्याच दोन कपाटांत आहेत. त्यांना न विचारता ती रद्दीत जाणार असतील, तर निदान त्यांना कळले तरी पाहिजे.

सह्या करणारे आम्ही सगळे केव्हा ना केव्हा या क्लबचे सचिव, बुलेटिनचे संपादक किंवा सार्जंट ॲट आर्म्स (सभेची शिस्त आणि हजेरी पाहणारे) होतो. हजेरीपट कसा भरतात, बुलेटिन कुठे अडते, कपाटाच्या कोणत्या कप्प्यात कसर लागली आहे, हे आम्हाला कामातून ठाऊक आहे. आम्हाला पद नको आहे. आपल्यापुढच्या अडचणी खऱ्या आहेत हेही मान्य आहे. उपस्थिती घसरली आहे, जेवणाचा खर्च वाढला आहे, बुलेटिनला संपादक मिळत नाही. पण दुखणे एक आणि औषध भलतेच, असे या तिन्ही ठरावांचे झाले आहे.

सभांचा ठराव मांडताना आपण दोन आधार दिले. पहिला असा की रोटरी इंटरनॅशनलच्या २०१६ च्या कौन्सिल ऑन लेजिस्लेशनने, म्हणजे नियम ठरवणाऱ्या परिषदेने, क्लबांना मोकळीक दिली आणि महिन्यात किमान दोन सभा पुरतात. हे बरोबर आहे. पण ती मोकळीक आहे, सक्ती नाही. ती घ्यायची की नाही हे सभासदांनी, आगाऊ लेखी सूचना देऊन बोलावलेल्या सभेत, उपविधींत बदल करून ठरवायचे असते. बोर्डाने परस्पर ठराव करून तो ग्रुपवर कळवला, ही आमची पहिली तक्रार.

दुसरा आधार इतिहासाचा होता: शिकागोचा मूळ क्लबसुद्धा पंधरा दिवसांनीच भेटत असे. तेही खरे आहे. २३ फेब्रुवारी १९०५ च्या संध्याकाळी युनिटी बिल्डिंगमधल्या ७११ क्रमांकाच्या खोलीत, खाण अभियंता गस्टेव्हस लोहर यांच्या कचेरीत, वकील पॉल हॅरिस, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शीले आणि शिवणकामाचा व्यवसाय करणारे हायरम शोरी जमले, तेव्हा दर आठवड्याचा नियम नव्हता. दर आठवड्याला भेटण्याचा शिरस्ता पुढे कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या क्लबने घातला आणि तो जगभर गेला. मात्र १९०५ च्या त्या चौघांकडे ना शिबिर होते, ना ट्रस्ट, ना ग्रँटचा हिशेब. आपल्याकडे तिन्ही आहेत.

आता साधा हिशेब पाहा. सभा दर आठवड्याला असेल आणि एखाद्याची एक सभा चुकली, तर दोन उपस्थितींत चौदा दिवसांचे अंतर पडते. सभा पंधरवड्याने असेल तर तीच एक चूक अठ्ठावीस दिवसांची होते, आणि लागोपाठ दोन चुकल्या तर बेचाळीस दिवसांची. नवा सभासद पहिल्या सहा महिन्यांत गळतो तो असाच. कोणाशी नीट ओळख व्हायच्या आत त्याचा दीड महिना निघून गेलेला असतो. त्यात आपले पंचांग धरा. गणपतीत एक सभा जाते, दिवाळीत एक, मे महिन्यात लग्नसराई आणि सुट्ट्यांत एखादी. महिन्याच्या चारांतली एक गेली तर तीन उरतात. दोनांतली एक गेली तर एकच उरते, आणि ती आपण ऑनलाइन ठेवली आहे.

उपस्थिती का घसरली याचे उत्तर सभेच्या साठ मिनिटांत आहे. छापील वेळापत्रकाप्रमाणे साडेसातला घंटा, राष्ट्रगीत आणि फोर-वे टेस्ट (रोटरीची चार प्रश्नांची आचारकसोटी) यांना चार मिनिटे, अध्यक्षांचे निवेदन पाच, वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस पाच, सचिवांच्या सूचना पाच, वक्त्याची ओळख दोन, भाषण पंचवीस, प्रश्नोत्तरे दहा, आभार दोन. बेरीज अठ्ठावन्न होते, म्हणजे सभा तासात बसते. प्रत्यक्षात घंटा पावणेआठला वाजते. मग प्रत्येक वाढदिवसाला स्वतंत्र गुच्छ आणि स्वतंत्र फोटो. मग सचिव डिस्ट्रिक्टकडून (अनेक क्लब मिळून होणाऱ्या रोटरीच्या विभागाकडून) आलेली पत्रे अथपासून इतिपर्यंत वाचतात. सेमिनारला किती नोंदणी हवी, फी किती, शेवटची तारीख कोणती, हे सगळे आधीच ग्रुपवर आलेले असते. वक्ता उभा राहतो तेव्हा साडेआठ होत आलेले असतात, स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज सुरू झालेला असतो आणि मागच्या रांगेतली माणसे ताटांकडे निघालेली असतात. बाहेरगावाहून आपल्या खर्चाने आलेल्या माणसाला दहा मिनिटांत आटपा म्हणून चिठ्ठी द्यावी लागते. असा कार्यक्रम आठवड्याने घ्या की पंधरवड्याने, लोक कमीच येणार.

हे दुरुस्त करायला पैसा लागत नाही. घंटा साडेसातलाच वाजवावी, समोर पाच माणसे असली तरी. वाढदिवस एकत्र, एकच फोटो. डिस्ट्रिक्टची पत्रे फलकावर लावावीत आणि सचिवांनी फक्त ज्यावर आज निर्णय हवा तेवढेच बोलावे. वक्त्याला निमंत्रणातच लिहून कळवावे की वीस मिनिटे आपली आणि दहा प्रश्नांची. कार्यक्रम समितीने पुढच्या सहा आठवड्यांची यादी सतत तयार ठेवावी, कारण आयत्या वेळी शोधलेला वक्ता बहुधा कोणाचा तरी नातेवाईक किंवा विमा एजंट निघतो. शिवाय प्रत्येक सभेला बाहेरचा वक्ता हवाच असेही नाही. महिन्यातली एक सभा आपल्याच सभासदाच्या व्यवसायाला द्यावी. एका व्यवसायातला एक माणूस या तत्त्वावर रोटरी उभी राहिली. साखर कारखान्यातल्या केमिस्टने उसाचा उतारा कसा मोजतात ते सांगावे, मुद्रकाने प्लेट कशी बनते ते दाखवावे, दाताच्या डॉक्टरांनी रूट कॅनाल समजावून द्यावा. एक सभा क्लब असेंब्लीची, फक्त कामांचा आणि पैशांचा आढावा घेणारी. आणि चारांपैकी दोन सभा चहा-बिस्किटांवर घ्याव्यात. जेवणाचा खर्च तिथेच निम्मा होतो आणि नोकरदार सभासदाला वर्गणीचा धसका राहत नाही.

ऑनलाइन सभेबद्दल थोडक्यात. २०२० मध्ये तिने क्लब जिवंत ठेवला आणि परदेशातले वक्ते घरबसल्या ऐकायला मिळाले, हे आम्ही विसरलेलो नाही. दूरचा वक्ता पडद्यावर आणि सभासद सभागृहात, अशी सभा अवश्य घ्यावी. पण शिबिराला जीप कोण देणार, गाद्या कोण आणणार, हे सभा संपल्यावर दारात उभे राहून ठरते. पडदा बंद झाला की ते बोलणे होत नाही.

बुलेटिनच्या ठरावावर आमची तक्रार अधिक गंभीर आहे, कारण बुलेटिन ही जाहिरात आहे असे समजून तो केलेला दिसतो. बुलेटिन ही नोंद आहे. चार पानांत मागच्या सभेचा वृत्तांत, हजेरीचे शेकडा प्रमाण, चुकलेल्या सभेची भरपाई दुसऱ्या क्लबमध्ये जाऊन (मेक-अप) केलेल्यांची नावे, पाहुणे, प्रकल्पाचा अहवाल, जमाखर्च आणि पुढचा कार्यक्रम एवढे बसते. व्हॉट्सॲपवरचे पोस्टर यातले काय सांगते? नुकतेच नेत्रशिबिराचे आलेले पोस्टर आठवा. वर चार बोधचिन्हे, मध्ये हार घातलेल्या समईपुढे उभे असलेले नऊ जण, खाली ‘भव्य नेत्रतपासणी शिबिर उत्साहात संपन्न’. किती जणांचे डोळे तपासले? मोतीबिंदू किती निघाले? त्यांतल्या किती जणांची शस्त्रक्रिया झाली आणि बाकीचे का राहिले? कोणत्या वाडीवरून माणसे आली? चष्म्यांचे पैसे कोणी दिले? यातला एक शब्दही नाही. पुढच्या वर्षी ग्रँटचा अर्ज भरताना नेमके हेच विचारले जाणार आहे.

आणि पोस्टर टिकत नाही. फोन बदलला की जुने मेसेज जातात. जागा भरली म्हणून लोक फोटो पुसतात. ग्रुपचा ॲडमिन क्लब सोडतो आणि नवा ग्रुप निघतो. दोन वर्षांपूर्वीच्या वृक्षारोपणाला नेमकी किती रोपे लावली हे आज या क्लबमध्ये कोणी कागद दाखवून सांगू शकत नाही. त्याच क्लबच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या सायक्लोस्टाइल बुलेटिनमध्ये विहिरीचा गाळ काढायला कोणाचे किती मजूर आले हे लिहिलेले आहे.

या बुलेटिनांत आणखी एक गोष्ट आहे जी दुसऱ्या कुठल्याच दप्तरात नाही. १९८९ च्या कौन्सिल ऑन लेजिस्लेशनपर्यंत रोटरीच्या घटनेप्रमाणे स्त्रिया सभासद होऊ शकत नव्हत्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा, स्त्रियांना सभासद करून घेणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते क्लबच्या प्रकरणातला निकाल ४ मे १९८७ चा. त्याच्या आधीचे आपले सभासद रजिस्टर उघडा, एकही स्त्री दिसणार नाही. सभांच्या इतिवृत्तातही ‘ॲन्सनी’, म्हणजे सभासदांच्या पत्नींनी, ‘सहकार्य केले’ एवढ्यावर भागवले आहे. पण शिबिराच्या रांगेत कोणी नाव नोंदवून घेतले, बालवाडीसाठी कापड कोणी शिवले, पोळ्यांची वाटणी कोणत्या घरांत झाली, हे बुलेटिनच्या तिसऱ्या पानावर नावानिशी आहे. बुलेटिने रद्दीत गेली तर त्या बायकांनी केलेले काम झालेच नाही असे होईल. त्यांतल्या काही जणी आज ऐंशी ओलांडून गावातच राहतात.

पोलिओचेही तेच. रोटरीने पोलिओप्लसचे, म्हणजे जगभरातल्या पोलिओ लसीकरणाचे, काम १९८५ मध्ये हाती घेतले आणि देशात पल्स पोलिओची मोहीम १९९५ पासून सुरू झाली. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ ला देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. हे जगाला माहीत आहे. आपल्या एसटी स्टँडवरच्या बूथवर सकाळी सातला बर्फाची पेटी घेऊन कोण बसले होते, हे फक्त आपल्या बुलेटिनमधल्या बूथवाटपाच्या तक्त्यात आहे.

संपादक मिळत नाही, कारण काम एकट्यावर टाकले जाते. ते चौघांत वाटा. सभेचा वृत्तांत सचिवांनी, हजेरी सार्जंटनी, प्रकल्पाचा अहवाल त्या त्या प्रकल्पप्रमुखाने, आणि मांडणी चौथ्याने. मजकूर सभेनंतर अठ्ठेचाळीस तासांत द्यायचा, नाही आला तर ती जागा कोरी ठेवून अंक काढायचा. थांबून राहिलेला अंक पुढच्या आठवड्याच्या अंकाला गाठतो, मग ‘संयुक्त अंक’ निघतो आणि तिथून बुलेटिन मासिक होते. जवळजवळ प्रत्येक क्लबात हे याच क्रमाने घडते. प्रकल्पाच्या अहवालाला सात गोष्टी पुरेत: तारीख, नेमकी जागा, सोबतची संस्था, आकडे, खर्च आणि तो कोणी केला, काम करणाऱ्यांची नावे, आणि जे राहिले ते. अंक सगळ्यांना पीडीएफमध्ये द्या. छापील प्रती फक्त तीन काढा: क्लबच्या फायलीला एक, गावच्या वाचनालयाला एक, ट्रस्टच्या दप्तराला एक. ए-थ्री कागद दुमडून चार पाने होतात. वर्षाचे पन्नास अंक एकावर एक ठेवले तर जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचा गठ्ठा होतो. पन्नास वर्षांची बुलेटिने मांडायला अर्धा मीटर फळी लागते. जागा नाही हे कारण टिकत नाही.

आता तिसरा ठराव.

‘जुने कागद’ म्हणून ज्यांचा उल्लेख झाला त्यांत काय काय आहे ते बोर्डाने एकदा उघडून पाहावे. वरच्या कप्प्यात सभांची इतिवृत्ते आहेत, फुलस्केप आकाराची, कापडी पाठीची रजिस्टरे. त्याखाली हजेरीपट. मग बुलेटिने: आधीची सायक्लोस्टाइल, नंतर खिळ्यांच्या छपाईची, नंतर डीटीपी आणि ऑफसेटची. सर्वांत खाली पत्रव्यवहार, देणग्यांच्या पावत्या, नावे न लिहिलेले फोटो आणि १९९० च्या दशकातले फॅक्स. दुसऱ्या कपाटात ट्रस्टचे कागद.

ट्रस्टचे कागद तेवढे बाजूला ठेवू, असे एका संचालकांनी सांगितले. ते तसे वेगळे होत नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. मध्ये एखाद्या वर्षाचा राहून गेला की पुढचे अडकत जातात. तो उशिरा भरताना धर्मादाय कार्यालयात त्या वर्षीच्या सभेची सूचना, हजेरी आणि इतिवृत्त मागतात, आणि ते इतिवृत्त क्लबच्या रजिस्टरात असते. सभागृहाची जागा ज्या ठरावाने घेतली गेली, तो ठरावही तिथेच आहे. पीटीआरच्या (सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थांच्या नोंदवहीच्या) उताऱ्यावरच्या एखाद्या नोंदीला उद्या कोणी हरकत घेतली तर आपण काय दाखवणार?

दुसरे, क्लबची स्थापना. सभागृहातल्या संगमरवरी फलकावर एक साल आहे आणि रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत दुसरे. दोन्ही खरी असू शकतात. क्लबची पहिली संघटनात्मक सभा, रोटरी इंटरनॅशनलने प्रवेश दिल्याची तारीख आणि सनद प्रदान करण्याचा समारंभ या तीन वेगळ्या गोष्टी असतात, आणि त्यांत महिन्यांचे अंतर पडते. भारतातला पहिला क्लब कोलकात्याचा. तो २६ सप्टेंबर १९१९ ला स्थापन झाला आणि त्याची सनद १ जानेवारी १९२० ची आहे, म्हणून कुठे १९१९ वाचायला मिळते, कुठे १९२०. महाराष्ट्रात रोटरी १९२९ मध्ये मुंबईत आली, कॅनडातल्या कॅल्गरीचे जेम्स डेव्हिडसन गावोगाव क्लब उभे करत आशियातून फिरत होते तेव्हा. एवढ्या जुन्या गोष्टी आज तारखेनिशी सांगता येतात, कारण कोणीतरी कागद ठेवले. शिकागोच्या क्लबने १९०७ मध्ये शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहे बांधण्याचे काम हाती घेतले आणि बिअर बनवणारे व मोठे दुकानदार त्याच्या आड आले, हे आपल्याला माहीत आहे तेही त्यामुळेच. आपण दर सभेला फोर-वे टेस्ट म्हणतो आणि तिचा पहिलाच प्रश्न हे सत्य आहे का, हा आहे. आपल्याच स्थापनेचे साल तपासायचे साधन आपण रद्दीत घालावे हे आम्हाला सहन होत नाही.

ही वेळ का आली तेही स्पष्ट लिहितो. यात या वर्षीच्या बोर्डाचा एकट्याचा दोष नाही. रोटरीचे वर्ष ३० जूनला संपते आणि १ जुलैला सगळे पदाधिकारी बदलतात. मावळते सचिव फायली गाडीच्या डिकीतून नव्या सचिवांकडे पोहोचवतात, यादी कोणी करत नाही. नव्यांना चालू वर्षाच्या फायली पुरतात, जुन्या माळ्यावर जातात. मग कोणाचे घर बदलते, कोणाचे निधन होते. आमच्या माहितीत काही वर्षांची रजिस्टरे आजही माजी सचिवांच्या घरी आहेत. दप्तराला तीन वर्षांसाठी जबाबदार माणूस हवा तो याच कारणाने.

सगळेच ठेवा असे आमचे म्हणणे नाही. जेवणाची बिले, मंडपाच्या पावत्या, लेखापरीक्षण होऊन कायद्याची मुदत संपलेली व्हाउचरे, डिस्ट्रिक्टची छापील परिपत्रके खुशाल काढावीत. रोटरी फाउंडेशनच्या ग्रँटचे कागद निदान पाच वर्षे ठेवावेच लागतात. इतिवृत्ते, हजेरीपट, बुलेटिने, सनदेचे कागद, मिळकतीचे कागद आणि फोटो मात्र कायमचे.

ते कसे वाचवायचे, तेही सांगतो. सुरुवात आहे त्याच जागी करावी. कप्प्यांचे फोटो काढून, प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांकाची चिठ्ठी लावून मगच हलवावे, कारण कोणता कागद कोणाशेजारी होता यावरून पुष्कळदा त्याचे साल कळते. सध्या पावसाळा आहे. ओलसर गठ्ठे उन्हात टाकू नयेत, इस्त्री तर मुळीच नको. कागद आखडतो आणि शाई फुटते. पंख्याखाली, पानांच्या मध्ये कोरा टिपकागद घालून, तो बदलत वाळवावे. बुरशी असेल तर मास्क आणि हातमोजे घालून, वाळल्यावर मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झाडावी. गंजलेल्या स्टेपलच्या पिना ओढून काढू नयेत. खाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून तार उलगडावी, नाहीतर गंजाभोवतीचा कागद तुकड्यासकट येतो. सेलोटेप नको: काही वर्षांत तिचा चीक पिवळा होऊन अक्षरांत मुरतो. लॅमिनेशन त्याहून वाईट, ते परत सोडवता येत नाही. कपाट भिंतीपासून वीतभर आणि जमिनीपासून विटेवर ठेवावे. डांबराच्या गोळ्यांनी वाळवी थांबत नाही, तिला जमिनीतच अटकाव करावा लागतो.

स्कॅनिंगला पहिला मान फॅक्सना. ते उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर आहेत आणि फिके होत चालले आहेत, त्यात पीव्हीसीच्या पाकिटात ठेवल्याने अधिकच. त्यांची आधी झेरॉक्स काढावी. नंतर इतिवृत्ते, मग बुलेटिने. लिखित पानांना ३०० डीपीआय (इंचाला ठिपके), फोटोंना ६००, आणि काळेपांढरे दिसले तरी रंगीतच स्कॅन करावे, कारण सचिवांनी लाल शाईत केलेल्या दुरुस्त्या नाहीतर कळत नाहीत. जाड रजिस्टर सपाट यंत्रावर दाबले की पाठ तुटते. त्याला वरून कॅमेरा असलेला स्टँड लागतो. वर्षाला पन्नास अंक, अंकाला चार पाने, अशी पन्नास वर्षांची दहा हजार पाने होतात. दोघांनी मिळून तासाला शंभर पाने धरली तर शंभर तासांचे काम आहे. रविवारी दोन तास दिले तर वर्षात होते. ए-फोर आकाराचे एक रंगीत पान ३०० डीपीआयला, फाइल कॉम्प्रेस न करता, सुमारे २६ एमबी होते. सगळे मिळून २६० जीबी. एवढे एका साध्या हार्ड डिस्कवर मावते. डिस्क दोन घ्याव्यात आणि त्या दोन वेगळ्या इमारतींत ठेवाव्यात.

फायलीचे नाव रोटरी वर्षाने द्यावे, इंग्रजी सालाने नव्हे. ‘१९७२-७३, बुलेटिन, अंक १४, पान २’ असे. बऱ्याच जुन्या अंकांवर तारीख नाही. तिथे पहिल्या पानावरचे रोटरी इंटरनॅशनलच्या अध्यक्षांचे नाव पाहावे. नितीश लाहरी असेल तर अंक १९६२-६३ चा, राजेंद्र साबू असेल तर १९९१-९२ चा, कल्याण बॅनर्जी असेल तर २०११-१२ चा. डिस्ट्रिक्टचा क्रमांक तीन आकडी असेल तर तो चार आकडी क्रमांक येण्याआधीचा. फोटोंचे काम मात्र थांबण्यासारखे नाही. ते घेऊन आजच ज्येष्ठ सभासदांकडे बसले पाहिजे, आणि नावे फोटोच्या मागे बॉलपेनने नव्हे, मऊ पेन्सिलने लिहावीत.

यातले सगळे इंटरनेटवर टाकायचे नाही, हेही आत्ताच ठरवावे. शिबिरांच्या याद्यांत रुग्णांची नावे आणि आजार आहेत, रक्तदात्यांचे तपशील आहेत, वर्गणी थकलेल्यांची नावे आहेत. ती जपायची, पण उघडी ठेवायची नाहीत.

आमच्या मागण्या अशा.

कपाटांबाबतचा ठराव आजच स्थगित करावा आणि तसे सचिवांनी ग्रुपवर लेखी कळवावे. रंगकामासाठी कपाटे हलवायची असतील तर ती कुलूप लावून, आमच्यापैकी दोघांच्या समक्ष हलवावीत.

दप्तरासाठी तिघांची समिती नेमावी, मुदत तीन वर्षे, दर वर्षी एक जण बदलेल अशी. तीत एक जण सभासद नसलेला असावा, शक्यतो गावच्या वाचनालयातला. ३० जूनला मावळत्या आणि नव्या सचिवांनी दप्तराच्या यादीवर सह्या केल्याशिवाय पदग्रहण पूर्ण झाले असे धरू नये. माजी सचिवांकडची रजिस्टरे याच समितीने पावती देऊन परत घ्यावीत.

३१ डिसेंबरपर्यंत सभा दर आठवड्यालाच, वर लिहिलेल्या वेळापत्रकाने घेऊन पाहाव्यात. त्या सहा महिन्यांची हजेरी आकड्यांनिशी सभासदांपुढे ठेवावी आणि मग रीतसर सूचना देऊन उपविधींचा प्रश्न मतास टाकावा. तिथे बहुमताने पंधरवडा ठरला तर आम्ही तो पाळू.

बुलेटिन चार पानांचे, पीडीएफमध्ये, तीन छापील प्रतींसह सुरू ठेवावे. पहिल्या सहा महिन्यांची मांडणी आमच्यापैकी दोघे जण करायला तयार आहेत. मजकूर वेळेवर मिळेल एवढी हमी बोर्डाने द्यावी.

स्कॅनिंगचा स्टँड आणि दोन डिस्क यांचा खर्च आम्ही आपसांत वर्गणी काढून देऊ. क्लबच्या खात्यातून पैसा नको. रविवारचे दोन तासही आमचे. क्लबने फक्त मागची खोली, वीज आणि कपाटाची एक किल्ली द्यावी.

या पत्राचे लेखी उत्तर पुढच्या बोर्ड मीटिंगच्या आत मिळावे. उत्तर काहीही आले तरी ते आम्ही या पत्रासोबतच वाचनालयाच्या फलकावर लावू. रंगाऱ्यांनी सोमवारी मागच्या खोलीचे काम धरायचे म्हटले आहे. स्थगितीचा निरोप शनिवारपर्यंत आला पाहिजे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
क्लबचे माजी सचिव, बुलेटिनचे माजी संपादक आणि दप्तराचे काम केलेले सभासद